फोकस मागेपुढे होणारी बॅटरी: घ्यावी की टाळावी?

रानवाट:
पावसाळा तोंडावर आला की नवे ट्रेकर विचारतात, बॅटरी कोणती घेऊ? उत्तर ठरलेलं असतं: झूमवाली घे, मुंडकं पुढे ओढलं की झोत लांब जातो, मागे ढकललं की उजेड पसरतो. माझं मत याच्या उलट आहे. रात्रीच्या चालीसाठी ही बॅटरी घेऊ नये.

दोष तिच्या बनावटीतच आहे. एलईडीसमोर एक बहिर्गोल भिंग असतं. ते नाभीय अंतरावर गेलं की समोर चौकोनी ठिपका पडतो. तो चौकोन म्हणजे एलईडीच्या चिपचीच मोठी झालेली प्रतिमा. पण भिंग पुढे सरकलं की बाजूला जाणारा प्रकाश त्याच्यावर पडतच नाही, नळीच्या आतल्या भिंतीत जिरतो. सेल तेवढाच खर्च होतो आणि बाहेर उजेड कमी येतो. खात्री करायची असेल तर अंधाऱ्या न्हाणीघरात बॅटरी छताकडे तोंड करून उभी ठेवा आणि छताकडे न बघता खालच्या बादलीकडे बघा. मुंडकं ओढलं की बादली मंदावते.

त्याहून वाईट म्हणजे चौकोनाच्या बाहेर मिट्ट काळोख असतो. साध्या रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या चकचकीत वाटीच्या) बॅटरीत मधे प्रखर ठिपका आणि भोवती मंद उजेडाचं मोठं कडं, दोन्ही एकाच वेळी मिळतात. नजर पुढच्या वळणावर असताना पायाजवळचा दगड त्या कड्यात दिसून जातो. झूममध्ये एक तर वळण बघा, नाहीतर पाय.

बांधावरचा:
दादा, तुम्ही हौसेनं रात्री निघता, आम्हाला निघावंच लागतं. थ्री-फेज लाइट रात्रीची असली की उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला जायचं. आमच्या जुन्नरकडे बिबट्या उसातच मुक्कामाला असतो. बांधावरून चालताना घोणस, मण्यार दिसावी म्हणून उजेड पसरट ठेवायचा. थांबलो की मुंडकं ओढून उसाच्या कडेकडेनं झोत फिरवायचा, जनावर असलं तर डोळे चमकतात. दुसऱ्या हातात फावडं असतं, त्यामुळे हे सगळं एका अंगठ्यानं जमायला हवं. झूममध्ये ते जमतं. तुमची रिफ्लेक्टरवाली माझ्या बांधावरून डीपीपर्यंत, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचेल का, तेवढं सांगा.

रानवाट:
पोचेल, फक्त घेताना लुमेनच्या आकड्याला भुलू नका. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश. लांब किती जाईल ते कँडेलावर ठरतं. कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. अर्थात त्या टोकाला उजेड ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उरतो. जनावर नीट ओळखायचं तर त्याच्या निम्मं अंतर धरा. चांगल्या कंपन्या हे आकडे खोक्यावर छापतात. बाजारातल्या स्वस्त झूमवर मात्र नुसतं '५ किलोमीटर' लिहिलेलं असतं.

भिंगवाला:
रानवाट, तुम्ही एकाच जातीच्या झूमवर सगळा राग काढताय. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या मॅगलाइटचाही फोकस बदलतो, पण तिथे भिंग नाही. मुंडकं फिरवलं की रिफ्लेक्टर बल्बच्या पुढेमागे होतो. तिचा दोष वेगळा आहे, झोत पसरवला की मधोमध काळं भोक पडतं. जर्मनीच्या लेडलेन्सरनं भिंग आणि रिफ्लेक्टर एकत्र आणले, त्यात बाजूचा प्रकाशही बराचसा कामी येतो. म्हणजे नडतं ते एकट्या स्वस्त भिंगाचं, फोकस बदलण्याचं नव्हे.

मला खरी अडचण वाटते ती पाण्याची. मुंडकं ओढलं की आतली जागा वाढते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. भर पावसात ती हवा दमट असते, मग भिंगाला आतून वाफ धरते. बाहेरून पुसून उपयोग नाही. सरकत्या फोकसच्या बॅटऱ्या बऱ्याचदा आयपीएक्स ४ च्या, म्हणजे शिंतोडे सोसणाऱ्या असतात. आयपीएक्स ७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारी, यांत शोधावी लागते.

आंबोलीकर:
मी ताई आहे, आधीच सांगते, नाहीतर सगळे दादा म्हणतात.

पावसाळ्यात आम्ही आंबोलीला रात्री बेडूक बघायला, त्यांचे फोटो काढायला जातो. तिथे झूमवालीचा पसरट उजेड मला सगळ्यात आवडतो. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा, मधे डाग नाही. रिफ्लेक्टरच्या ठिपक्यात बेडकाची ओली पाठ पांढरीफट्ट येते आणि भोवतीचं शेवाळ काळं पडतं. झोत आवळून कोणत्याही जिवाच्या डोळ्यांवर मारू नये, हे सोबत येणाऱ्या प्रत्येकाला बजावते.

वाफेबद्दल भिंगवाला यांना पूर्ण अनुमोदन. ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्याला, सिलिकॉनचं ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, काही जातींचं रबर त्यानं फुगतं. आणि धुक्यात झूम असो वा रिफ्लेक्टर, बॅटरी कमरेच्या खाली धरा. डोळ्यांजवळ धरली की समोर नुसती पांढरी भिंत दिसते.

बांधावरचा:
ताई, पाण्याचं पटलं. चिखलाचंही तेच आहे. ओल्या हातानं मुंडकं ओढलं की बारीक रेती फटीत जाते, मग खरखर सुरू होते आणि एक दिवस ते अर्ध्यात अडकतं. सेलची फसवणूक तर वेगळीच. १८६५० मापाच्या चार्जिंगच्या सेलवर ९९०० एमएएच छापतात. त्या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं, हे दुकानदार कधी सांगत नाही. तरी माझं म्हणणं कायम आहे. मला जवळचं आणि लांबचं दोन्ही लागतं, आणि मोकळा हात एकच असतो.

रानवाट:
म्हणूनच दोन बॅटऱ्या म्हणतो. डोक्याला पसरट उजेडाची हेडटॉर्च, खिशात लांब झोताची रिफ्लेक्टरवाली. लांब बघायचं असेल तेव्हाच दुसरी काढायची.

बांधावरचा:
पहिल्या पावसानंतर डोक्याला उजेड बांधून उसात एकदा या. पाखरं सगळी तोंडावर येतात, डोळ्यात, नाकात जातात. खालचा पाट बघू की पाखरं हाकलू? आणि लांबची खिशातून काढायची म्हणजे फावडं खाली ठेवायचं. रात्री उसात फावडं मी हातातून सोडत नाही.

रानवाट:
मग हेडटॉर्च नको. काटकोनात वाकलेल्या मुंडक्याची बॅटरी मिळते, ती सदऱ्याच्या खिशाला किंवा कमरेच्या पट्ट्याला अडकवता येते. उजेड पुढच्या वाटेवर पडतो आणि पाखरं तोंडापासून लांब राहतात. फावडं एका हातात, दुसऱ्या हातात रिफ्लेक्टरवाली. घेताना पट्ट्याची क्लिप पत्र्याची आहे ना, ते बघा. प्लास्टिकची उसाच्या पाचटात अडकून तुटेल.