आवडत्या गायकाची मैफल: बसायचं कुठं, मागायचं काय, परतायचं कसं

थंडी पडली की सोलापुरात गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं लागायला लागतात. आवडता गायक येणार म्हटल्यावर तिकीट काढलं जातं, पण खुर्ची निवडताना अंदाजपंचे कारभार. तुम्हाला अनुभवातून जे कळलंय ते इथं लिहा. 'डोळ्यात पाणी आलं' हे सगळेच लिहितात, ते राहू द्या. दुसऱ्याच्या उपयोगाला येईल असं सांगा, आणि वर आपलं टोपणनाव टाका.

मधली रांग
पहिल्या रांगेसाठी जास्तीचे पैसे घालू नका. तिथं गायक दिसतो, गाणं निसटतं. मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांचा मारा पहिल्या दोन-तीन रांगांच्या डोक्यावरून जातो. पुढच्यांना मिळतो तो तबल्याचा थेट आवाज आणि गायकासमोरच्या मॉनिटरची (त्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरची) गळती, त्यामुळं शब्द पुसट लागतात. हुतात्मा स्मृती मंदिर असो की दुसरं कुठलं नाट्यगृह, सहावी ते दहावी रांग, मधल्या खुर्च्या. बाल्कनीच्या खाली अगदी मागं बसलात तर आवाज दबतो, वरच्या पट्टीतली धार जाते. तिथल्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग कधीही बरी.

साउंडवाला
वरच्यांना एक जोड. मिक्सर, म्हणजे आवाज जुळवायचं यंत्र, कुठं मांडलाय ते आधी बघा. तिथं बसलेला माणूस आपल्या कानाला येतं त्यावरच सगळं जुळवतो, म्हणून त्याच्या पुढच्या दोन रांगा म्हणजे त्या कार्यक्रमातला सगळ्यात नीट आवाज.

मैदानावर गणित बदलतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून ५० मीटरवर उभं राहिलात तर सूर जवळजवळ ०.१५ सेकंद उशिरा पोचतो, आणि पडद्यावर ओठ आधी हलताना दिसतात. यंत्रणेचा दोष नाही तो. दोष तेव्हा, जेव्हा मागं जास्तीचे स्पीकर लावतात पण त्यांना तेवढा विलंब देत नाहीत. मग प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. तसं झालं तर जागा बदला, वाट बघत बसू नका. भिंतीला पाठ लावूनही उभं राहू नका, खर्ज तिथं गोळा होऊन घुमतो.

आणि हो, उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, एरवी नाही. साडेसहाचा कार्यक्रम साडेसातला सुरू झाला की ती वेळ शेवटातून कापली जाते, आणि लोक ज्या गाण्यांसाठी आलेले असतात ती बहुतेक शेवटीच ठेवलेली असतात. बंद नाट्यगृहाला ही अडचण नाही.

तिहाई
शास्त्रीय मैफलीला निघालात तर तानपुरे जुळत असतानाच जागेवर बसा. विलंबित (संथ लयीतला) ख्याल सुरू झाल्यावर मधून उठायचं नाही. एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक फेरा) १२ मात्रांचं, पण अतिविलंबितात ते मिनिटभर चालतं. तुम्ही खुर्च्या ओलांडत असता तेव्हा गायक समेकडं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडं, निघालेला असतो. बाहेर जायचंच असेल तर राग संपून वाद्यं पुन्हा सुरात लावली जातात तेव्हा जा.

फर्माइशीची चिठ्ठी मध्यंतराआधी कार्यकर्त्याकडं द्या. एकच गोष्ट लिहा, ठळक अक्षरात. रात्री आठला तोडी किंवा ललत मागू नका, ते सकाळचे राग. दीड तास गाऊन झाल्यावर तारसप्तकात ताणणारं गाणंही मागू नये, गळ्याचा विचार करा की वो जरा. भैरवी झाली की मैफल संपली, त्यानंतर 'अजून एक' म्हणणं शोभत नाही.

मधली रांग
फर्माइशीवरून आठवलं, सिनेसंगीताच्या कार्यक्रमात 'वन्स मोअर' मिळत नाही म्हणून लोक रुसतात. वादकांच्या कानात यंत्र दिसलं आणि मागून कोरस ऐकू येतोय पण कोरसवाले दिसत नाहीत, तर ओळखा की आधी मुद्रित केलेला ट्रॅक चालू आहे. त्यात एखादी ओळ आयत्या वेळी परत घेता येत नाही. पेटी-तबल्यावर घेता येते, तिथं खुशाल मागा.

कापसाचा बोळा
माझं नाव फसवं आहे. कापसानं काही होत नाही! ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास चालतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मैदानावर स्पीकरजवळ एवढा आवाज सहज असतो. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. नुसतं टोक खुपसलं तर उपयोग शून्य. लहान पोरांना स्पीकरपुढं खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांना काय म्हणावं बे.

मोबाइलबद्दल थोडंसं: फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढं जात नाही, समोरच्याचं टक्कल तेवढं उजळतं. गायकाचा चेहरा पांढराफटक येत असेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, प्रकाश लॉक होतो, मग थोडा कमी करा. तिकिटाचा स्क्रीनशॉट घरीच काढून ठेवा, गर्दीत नेट चालत नाही.

फलाटावरून
पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव किंवा दुसरं काही ऐकायला जाणाऱ्यांसाठी. जायला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस उत्तम. यायला ती उपयोगाची नाही, संध्याकाळी सहाच्या सुमारास पुणे सोडते. उरते रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. ती मुंबईहून रात्री निघते आणि पुण्यात मध्यरात्र उलटल्यावर येते, म्हणून पुण्याहून तिकीट काढताना तारीख दुसऱ्या दिवसाची टाकायची. शनिवारी रात्री कार्यक्रम, तर तिकीट रविवारचं. शनिवारचं काढलंत तर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच तुमची गाडी गेलेली असते.

आपल्याकडं संक्रांतीच्या आसपास कार्यक्रम असेल तर चारचाकी घरीच ठेवा. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत होम मैदान, पार्क चौक भागात गाडी लावायला जागा मिळत नाही. रिक्षा करा, थोडं अलीकडंच उतरा आणि चालत जा.