सिम्फनी ऑर्केस्ट्राला दाद कधी द्यायची, कुणाला द्यायची? (जळगावहून मुंबईला जाणाऱ्या गटासाठी)

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. आमच्या संगीत मंडळातले वीस-बावीस जण मुंबईला एनसीपीएत (नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकायला जाणार आहेत. निम्मे शास्त्रीय गाण्याचे जुने श्रोते, दर वर्षी बालगंधर्व संगीत महोत्सव न चुकवणारे. चार जण लग्नाच्या बँडमधले: दोन ट्रम्पेट, एक क्लॅरोनेट, एक युफोनियम (खर्जाकडचं पितळी वाद्य). तारीख ठरायची आहे, पण तयारीसाठी नेहमीचा साचा धरलाय: बेथोव्हेनचं 'एग्मोंट' ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना), चायकोव्हस्कीचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना), मध्यंतर, मग द्वोर्झाकची नववी सिम्फनी (अनेक भागांची मोठी ऑर्केस्ट्रा-रचना).

अडचण दाद देण्याची आहे. आपल्याकडे समेवर 'वा' निघते, तिहाईला टाळी पडते, नाटकात वन्स मोअर होतो. तिथे म्हणे हूं की चूं करायचं नाही. मग दाद कधी, कुणाला, किती? सत्तर-ऐंशी जणांत कोण काय वाजवतंय ते कसं ओळखायचं? आणि बँडवाल्यांचा रोकडा सवाल: ट्रम्पेटवाला अर्धा वेळ रिकामा बसतो, त्याचं कौतुक कशाचं?

सातपुडा_चोपडा

एकच खूण पाठ करायची तर ही: कंडक्टरचे (समोर उभा राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचे) हात पूर्ण खाली येऊन तो तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा. हात वर आहेत, गज तारांवर आहेत, तोवर रचना चालू आहे.

आता क्रमाने. वादक बसल्यावर पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, म्हणजे कॉन्सर्टमास्टर, वेगळा आला तर टाळी द्या. तो खूण करतो आणि ओबोवाला एक लांब सूर धरतो, साधारण ४४० ते ४४२ हर्ट्‌झचा 'ए'. ओबोला आपल्या सनईसारखी जोडपत्ती असते. तिचा सूर टोकदार आणि स्थिर, सगळ्यांना ऐकू जातो, म्हणून मान तिचा. पियानो कॉन्चेर्टो असेल तर सूर पियानोवरून घेतात. या मिळवणीला टाळी नको. न्यूयॉर्कला १९७१ साली बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि साथीदार वाद्यं लावत होते, तर लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या. लावणं इतकं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, अशा अर्थाचं पंडितजी बोलले होते.

'एग्मोंट' आठ-नऊ मिनिटांचं, एकसलग. शेवटाजवळ फसगत होते. जोरदार आघात, मग व्हायोलिनचे दोन तुटक सूर, मग शांतता आणि वाऱ्याच्या वाद्यांचे हळू, लांब सूर. संपलं असं वाटतं, पण संपलेलं नसतं. तिथूनच कुजबुजीतून चढत झपाट्याचा शेवट येतो. पिकोलोची (छोट्या, चढ्या सुराच्या बासरीची) चिरकी लकेर ऐकू आली की खरा शेवट जवळ आला समजा.

कॉन्चेर्टोत तुमच्या शास्त्रीयवाल्यांना सगळ्यात जपावं लागेल. पहिला भाग अठरा-एकोणीस मिनिटांचा. मध्येच ऑर्केस्ट्रा थांबते आणि व्हायोलिन एकटं वाजतं, त्याला कादेन्झा म्हणतात. तानांची आतषबाजी असते, हात आपोआप उठतात. पण कादेन्झा संपताना व्हायोलिन लांब कंप धरून ठेवतं आणि त्याच्यावर बासरी हळूच मूळ चाल घेऊन येते. अख्ख्या भागातली ही सगळ्यात नाजूक जागा. इथली एक टाळी बासरीवाल्याचं सगळं काम पुसून टाकते, कारण इथे माईक नाही, आवाज वाढवायला कोणी बसलेलं नाही. दुसरा भाग संथ, आणि तो न थांबता सरळ तिसऱ्यात घुसतो. तिथे टाळीला जागाच नाही.

सिम्फनीचे चार भाग, एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. दुसरा भाग, लार्गो, ब्रासच्या (पितळी वाद्यांच्या) गंभीर सुरांनी उघडतो आणि मग कोर आंग्ले हे ओबोचं मोठं, खर्जातलं भावंड ती प्रसिद्ध चाल घेतं. हा भाग संपतो फक्त डबल बासच्या अगदी हळू सुरावर. मागच्या रांगेत कोणी खोकला तर तो सूर गेला. आणि चौथ्याचा शेवट नीट ऐका: मोठा आघात होतो, पण त्याच सुरात वाऱ्याची वाद्यं मागे उरतात आणि विरत विरत जातात. घाईची टाळी नेमकी या विरण्यावर पडते. हात खाली येऊ द्या, मग हवा तेवढा कडकडाट करा.

पांझरा_धुळे

वरचं सगळं मान्य, पण हा नियम देवानं घालून दिलेला नाही. मोझार्टने १७७८ साली पॅरिसहून वडिलांना लिहिलं होतं की त्याच्या नव्या सिम्फनीच्या पहिल्या भागात, मध्येच, लोकांनी टाळ्या दिल्या. एक जागा आवडणार हे ठाऊक होतं, म्हणून ती शेवटी पुन्हा घातली, हेही त्यानेच लिहिलंय. बेथोव्हेनची सातवी डिसेंबर १८१३ मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तेव्हा दुसऱ्या भागाला वन्स मोअर मिळाला. संगीत नाटकाच्या श्रोत्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भागांमध्ये गप्प बसायची शिस्त नंतर आली आणि विसाव्या शतकात घट्ट झाली.

म्हणून माझं मत: चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्टोचा पहिला भाग संपल्यावर सभागृहाने टाळी दिली, तर बिनदिक्कत सामील व्हा. तो भाग तसाच लिहिलाय, जगभर तिथे टाळी पडते. फक्त सुरुवात आपण करायची नाही. चायकोव्हस्कीच्याच सहाव्या सिम्फनीत याच्या उलट होतं: तिसरा भाग समारोपासारखा गाजत संपतो, लोक उठायला लागतात, आणि खरा शेवटचा भाग संथ, विझत जाणारा. तिथे मात्र टाळी रंगाचा बेरंग करते.

आणि कोणी चुकून टाळी दिली तर मागे वळून 'शूऽऽ' करू नका. ते टाळीपेक्षा जास्त ऐकू जातं.

सातपुडा_चोपडा

पांझरा भाऊंचं पटतं. फक्त भागांमधली पंधरा-वीस सेकंद रिकामी नसतात, एवढं जोडतो. हॉर्नवाले नळीत साठलेलं पाणी काढतात, तंतुवाद्यं उतरलेली तार सावरतात, कंडक्टर पुढची लय मनात पक्की करतो. टाळी झाली की तो थांबून राहतो आणि लय पुन्हा धरावी लागते. श्रोत्यांनीही खोकणं, सरकून बसणं याच वेळात उरकावं.

बाजा_अमळनेर

बँडवाला भाऊस्ले राम राम. तुमचा ट्रम्पेटवाला रिकामा बसलेला नसतो, तो मोजत असतो. पानावर 'अमुक इतकी घरं (ठरावीक मात्रांचे गट) थांबा' एवढंच लिहिलेलं असतं, आणि ती मोजणी एका घराने चुकली तर उचल चुकली. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) पहिले तीन भाग एकही सूर वाजवत नाहीत. वीस मिनिटांहून जास्त वेळ ओठ थंड, नळी थंड. थंड नळीचा सूर उतरतो. तिसऱ्यातून चौथ्यात न थांबता जाताना एकदम पूर्ण ताकदीने, पूर्ण सुरात यायचं असतं.

तुमच्या द्वोर्झाकमध्ये ट्यूबावाल्यावर (सगळ्यात खर्जाच्या पितळी वाद्यावर) नजर ठेवा: तो फक्त दुसऱ्या भागात वाजवतो, तेही मोजके सूर. झांजेचा चौथ्या भागात एकच ठोका आहे, आणि तोही दणका नाही. बेसावध असाल तर हुकेल. ट्रायँगल तिसऱ्या भागात.

युफोनियमवाल्या भाऊंना त्यांचं वाद्य बहुधा दिसणार नाही, सिम्फनीत ते सहसा नसतं. त्यांनी ट्रॉम्बोन आणि ट्यूबा पाहावेत. क्लॅरोनेटवाल्याकडे दोन वाद्यं दिसतील, एक बी-फ्लॅटचं, एक ए-चं. पट्टीप्रमाणे बदलतात, आणि ठेवलेलं वाद्य गार पडू नये म्हणून मध्येच त्यात हळूच फुंकतात. ट्रम्पेटवाल्यांसाठी खरी मेजवानी चौथ्या भागाच्या सुरुवातीला: हॉर्न आणि ट्रम्पेट मुख्य चाल पूर्ण जोरात घेतात.

पण दाद जोराला नको, हळू वाजवण्याला द्या. वरातीत मोकळ्यावर, डीजेशी टक्कर घेत वाजवायला छाती लागते. इथे अकराशे लोकांत, कुजबुजीएवढ्या आवाजात सूर फुटू न देता धरायचा, त्याला ओठ लागतात. हॉर्न सगळ्यात बेभरवशाचा. त्याची नळी लांब, आणि वरच्या भागात तिचे नैसर्गिक सूर इतके जवळजवळ असतात की ओठ केसभर सरकले तर शेजारचा सूर वाजतो. हॉर्न फुटला तर हसू नये, चांगल्या चांगल्यांचा फुटतो. टिंपनीवाला (सुरात लावायचे मोठे नगारे वाजवणारा) मध्येच ढोलावर कान टेकवतो तेव्हा तो दमलेला नसतो, बाकीचे वाजवत असताना पुढच्या जागेसाठी कातडं सुरात लावत असतो.

गिरणाकाठ (जळगाव)

लाख मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. आता दोन व्यवहाराचे प्रश्न: जागा कुठल्या घ्याव्यात? आणि संपल्यावर नेमकं काय करायचं? शिट्टी चालते का? आमच्या बँडवाल्यांची शिट्टी म्हणजे सर्वोच्च पदक.

तापी_भुसावळ

शिट्टी नको, दादा. युरोपात बऱ्याच सभागृहांत शिट्टीचा अर्थ नापसंती होतो, आणि या ऑर्केस्ट्रात परदेशी वादक बरेच असतात. २००६ साली ती सुरू झाली तेव्हापासून संगीत दिग्दर्शक कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह. 'ब्राव्हो' म्हणा, 'वा' म्हणा, उभे राहा. नोटा ओवाळणं अर्थातच नाही.

जागा: कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमध्ये असेल तर पहिल्या चार-पाच रांगा टाळा. तिथून व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागची वाऱ्याची वाद्यं झाकली जातात. मधल्या रांगा किंवा बाल्कनीचा मधला भाग घ्या. वरून मांडणी नकाशासारखी कळते: कंडक्टरच्या डाव्या हाताला पहिली व्हायोलिनं, उजवीकडे चेलो किंवा व्हायोला, मधोमध बासरी-ओबो-क्लॅरोनेट-बासून (खर्जातलं जोडपत्तीचं वाद्य), त्यामागे ब्रास, सगळ्यात मागे टिंपनी. बँडवाल्यांना तर वरच बसवा. स्वस्तही पडतं.

संपल्यावरचा क्रम असा. कंडक्टर कॉन्सर्टमास्टरशी हात मिळवतो, आत जातो, टाळी टिकली तर परत येतो. दोन-तीन वेळा हे होतं. मग तो एकेका वादकाकडे हात करून उभं करतो. द्वोर्झाकनंतर कोर आंग्लेवाला बहुतेक पहिला, मग हॉर्न, क्लॅरोनेट, बासरी, मग एकेक विभाग. नावानिशी दाद द्यायची जागा हीच. चार तास मैफलीत वाटून दिलेली 'वा' इथे दोन मिनिटांत द्यायची असते, म्हणून टाळी एकसुरी ठेवू नका, ज्याचं काम आवडलं तो उठला की वाढवा. तंतुवादक गजाने स्टँडवर टकटक करतील किंवा पाय आपटतील, ती त्यांची आपसातली दाद. कॉन्चेर्टोनंतर एकल व्हायोलिनवादक मध्यंतराआधी एखादी छोटी चीज देऊ शकतो. फर्माईश ओरडायची नसते, टाळी चालू ठेवली की पुरे. कॉन्सर्टमास्टर उठून चालायला लागला की वादक पांगतात. तोवर जागा सोडू नका.

त्यासाठी गाडीचं आधी बघा. संध्याकाळी सातचा कार्यक्रम नऊच्या आसपास सुटतो, नरिमन पॉइंटहून सीएसएमटीला टॅक्सी, वर गर्दी. वीस जणांनी साडेदहाच्या आतली गाडी धरली तर नेमक्या टाळ्यांच्या वेळी दारं वाजतात, आणि वादकांना ती पाठ फिरवलेली रांग स्पष्ट दिसते. येतानाही अर्धा तास हाताशी ठेवा, उशीर झाला तर रचनेच्या मध्ये आत सोडत नाहीत.

बारीकसारीक: फोन बंद करा, सायलेंटवर गजर वाजतोच. काचेच्या बांगड्या, किल्ल्यांचे जुडगे, केळी वेफर्सची पाकिटं पिशवीत खोल. खोकल्याची गोळी आधीच वेष्टनातून काढून रुमालात ठेवा. खोकला आलाच तर रुमाल तोंडावर दाबून. लहान मुलं न्यायची तर वयाची अट तिकिटावर बघून घ्या.

पांझरा_धुळे

तयारीचं राहिलं. मंडळात बसून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नका. डबल बासचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्‌झच्या आसपास, तो त्या स्पीकरमधून निघतच नाही, आणि मग लार्गोचा शेवट कोराच वाटतो. हेडफोन किंवा मंडळाची बरी साउंड सिस्टिम वापरा. सगळं तीनदा ऐकवण्यापेक्षा लार्गो, चौथ्या भागाची पहिली दोन मिनिटं आणि कॉन्चेर्टोतली कादेन्झा ते बासरी एवढी जागा घोटून घ्या. एका पानाचा मराठी कागद द्या, पण गुळगुळीत कडक नको, त्याची सळसळ फार. मऊ कागदावर मोठा टाइप, आणि 'इथे टाळी', 'इथे थांबा' एवढ्या खुणा.

बाजा_अमळनेर

अजून एक, परत आल्यावरचं. ऑर्केस्ट्राच्या कार्यालयाला ईमेल लिहा. 'कार्यक्रम छान झाला' असं लिहिलं तर कुणाला काय कळणार? तारीख, रचना, भाग आणि वाद्य लिहा: लार्गोमधलं कोर आंग्ले, कादेन्झानंतरची बासरी, चौथ्यातली हॉर्नची उचल. कार्यक्रमपत्रिकेत वादकांची नावं वाद्याप्रमाणे छापलेली असतात, ती पत्रिका जपून आणा. फक्त कंडक्टर आणि एकल वादकाचं कौतुक सगळेच करतात. दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या जोडीला कोणी लिहीत नाही. युफोनियमवाल्या भाऊंना म्हणा, ट्यूबावाल्याला चार ओळी तुम्हीच लिहा. मराठीत लिहा, खाली इंग्रजीत जोडून द्या.