मदत हवी आहे: चांगशातला काळा टोफू शाकाहारी आईला चालेल का?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईला घेऊन चीनच्या हूनान प्रांतातल्या चांगशाला जातेय. तिथला आंबवलेला काळा टोफू, छोउ दोउफू, तिला खिलवायचाच आहे. वरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. तळून मधोमध भोक पाडतात आणि त्यात मिरची-लसणाचा झणझणीत रस्सा ओततात. त्याच्या उग्र वासाचं आईला काही नाही, पण ती पक्की शाकाहारी. टोफू मुरवायच्या खारात आंबवलेलं काळं सोयाबीन, बांबूचे कोंब, मशरूम असतात, मात्र काही जण कोळंबी किंवा मांसही घालतात. चीनमधल्याच शाओशिंग शहराकडचा माठाच्या देठांचा खार त्या मानाने बरा वाटतो. चांगशात राहिलेलं कोणी आहे का? गाडीवाल्याला खार आणि रस्सा, दोन्हींबद्दल नेमकं कसं विचारू? कांदा-लसूण चालतो. खात्रीचं ठिकाण माहीत असेल तर प्लीज सांगा.