वसंतातला लार्जमाउथ बास: गार वारा सुटला आणि काठावरचा मासा गायब

दोरगुंता:
तलावाचं पाणी सकाळी ११, दुपारी १३ अंश सेल्सिअस. चार दिवस ऊन होतं तेव्हा उथळ पाण्यातल्या गवतावर लिपलेस क्रँकबेटला (पुढे पाती नसलेलं, ओढताना थरथरणारं माशासारखं कृत्रिम आमिष) बास, हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, छान लागत होता. परवा गार वारा सुटला, आभाळ स्वच्छ झालं आणि त्याच जागी आता काहीच नाही. खोल पाण्यात शोधायचं की तिथेच आमिष बदलायचं? जर्कबेटही (झटके देत ओढायचं लांबट माशासारखं आमिष) टाकून पाहिला, पण थांबवला की तो हळूहळू वर येतो.

काठकरी:
खोल पाण्यात लांब जाऊ नका. या तापमानाला बास विणीच्या उथळ जागांकडे निघालेला असतो. गारठा आला तरी तो हिवाळ्यातल्या डोहापर्यंत परत जात नाही, जवळच्या पहिल्या उतारावर थांबतो. म्हणजे १ मीटरवरचा मासा आता अडीच ते चार मीटरवर शोधा: सपाटी संपते तो कडा, बुडालेल्या ओढ्याचं काठाजवळ येणारं वळण, गवताची खोल पाण्याकडची बाजू. बुंधे किंवा धक्क्याचे खांब असतील तर आधी तिथेच, कारण अशा हवेत तो आडोशाला अगदी चिकटून बसतो आणि आमिषामागे धावत नाही.

१० ग्रॅमचा जिग (वजनदार डोक्याचा गळ), मागे आखूड ट्रेलर (गळाला लावायचं मऊ शेपूट), रंग तपकिरी किंवा गडद हिरवा. रॉडने तळावरून सावकाश ओढायचा आणि लाकडाला टेकला की तिथेच थांबवायचा. घाईने सोडवलात तर मासा लागायची खरी वेळच हातची जाते.

दुपारी उशिरा उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा काठ बघा. त्याला ऊन जास्त मिळतं आणि उत्तरेचा वाराही लागत नाही. नुसता आकडा पाहू नका, पाणी तापतंय की निवतंय ते पाहा. १२ वरून १३ वर जाणारं पाणी १६ वरून १४ वर उतरलेल्या पाण्यापेक्षा बरं.

गळबहाद्दर:
जर्कबेट वर येतो कारण गार पाणी घन असतं. उबदार पाण्यात मधेच स्थिर राहणारा तोच लूर (कृत्रिम आमिष) इथे हलका पडतो. पोटाला, पुढच्या गळाच्या जरा मागे, शिशाची चिकटपट्टी लावा. अर्धी पट्टी लावायची, काठाशी पाण्यात सोडून बघायचं, मग वाढवायची. नाक किंचित खाली झुकून लूर जागच्या जागी राहिला की झालं. पट्टी शेपटीकडे लावलीत तर चाल बिघडते. दोर १० पौंडी (तेवढा ताण सोसणारा) फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात चटकन बुडणारा प्लास्टिकचा दोर. साधा नायलॉन त्यापेक्षा हलका, फार हळू बुडतो आणि लूर तेवढा खोल जात नाही.

दोन झटके, मग ८ ते १० सेकंद पूर्ण थांबा. मासा बहुतेक वेळा या थांब्यातच घेतो आणि हाताला धक्का जाणवेलच असं नाही. दोर किंचित बाजूला सरकला तरी रॉड आडवा ओढा. फार ताठ रॉड नको, तिहेरी गळ तोंडातून फाटून निघतात.

दोरगुंता:
पट्टी लावून बघतो. लिपलेस पुन्हा कधी काढू? आणि बासची घरटी (तळावर अंडी घालायच्या जागा) दिसायला लागली की काय करायचं?

काठकरी:
दोन-तीन दिवस सलग पाणी तापलं की लिपलेस काढा. १४ ग्रॅमचा, गवताच्या शेंड्यांना घासत आणायचा आणि अडकला की झटक्याने सोडवायचा. तो सुटून उसळतो त्याच क्षणी मासा झडप घालतो. नुसता सरळ गुंडाळत आणलात तर यातलं काही होत नाही.

घरटी साधारण १६ ते २० अंशांना दिसतात, गोल, झाडून काढल्यासारखी. अंडी नर राखतो. तो बराच वेळ घरट्याबाहेर राहिला तर ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी फस्त करतात, म्हणून घरट्यावरचा मासा शक्यतो सोडून द्या. लागलाच तर ओल्या हाताने गळ काढून लगेच त्याच जागी सोडा. काही ठिकाणी विणीच्या काळात बास पकडायला बंदी असते, तिथला नियम आधी वाचा. या दिवसांत मी घरट्यांपेक्षा बाहेरचा उतारच धरा म्हणेन. विणीला न आलेल्या माद्या तिथे अजून थांबलेल्या असतात आणि मोठा मासा बहुधा मादीच असते.