मदत हवी आहे: आईसोबत कामिनो – सारियापासून की आस्तोर्गापासून?

नमस्कार मंडळी,

आम्ही वसईचे. आईला (वय 64) स्पेनमधल्या सांतियागोला संत याकोबच्या समाधीपर्यंत चालत जायचंय, म्हणजे कामिनो ही पायी यात्रा करायचीय. फ्रान्सच्या बाजूने निघणारा सुमारे 780 किमीचा पूर्ण मार्ग आम्हाला झेपणारा नाही. सुट्टी जुळवून चालायला सोळा दिवस मिळतायत. आई रोज 15 किमी आरामात चालते, पण उतारावर तिचा डावा गुडघा बोलायला लागतो.

जो तो सारियाच सुचवतो, कारण तिथून साधारण 115 किमी पडतात आणि यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला शेवटचे 100 किमी पायी लागतात. मला मात्र त्याच्या अलीकडची डोंगराळ गावं सोडवत नाहीत: फोन्सेबादोन, मोलिनासेका, ओ सेब्रेइरो. आस्तोर्गापासून अंदाजे 260 किमी होतात. माझे प्रश्न:

१. एवढं अंतर बसवायचं तर मधला कुठला टप्पा गाळावा?
२. क्रुझ दे फेर्रो (डोंगरावरचा खांबावरचा लोखंडी क्रूस) इथून पुढचा उतार गुडघ्याला कितपत जड जातो?
३. 25 जुलै, म्हणजे संत याकोबचा सण, रविवारी येत असल्याने 2027 हे पवित्र वर्ष. गर्दीचं काय? सप्टेंबरमध्ये जायचा विचार आहे.

जेवणाची अडचण नाही, आम्ही मासे खाणारी माणसं.

---

प्रतिसाद:

आस्तोर्गाच धरा. सारियानंतर रस्ता सोपा आहे, पण माणसांची रांग लागलेली असते. पोन्फेर्रादा ते व्हिलाफ्रांका हे 24 किमी बसने करा, चुटपुट लागण्यासारखं तिथे फार नाही. फक्त पोन्फेर्राद्याचा टेम्प्लरांचा (मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती पंथाचा) किल्ला बघून मग बस पकडा.

उताराबद्दल: क्रुझ दे फेर्रो साधारण 1500 मीटरवर आहे, मोलिनासेका 600च्या आसपास. वाट दगडगोट्यांची, पाऊस असेल तर निसरडी. एल आसेबोला मुक्काम करून उतार दोन दिवसांत तोडा. पाटीच्या दगडाची छपरं आणि रस्त्यावर झुकलेल्या लाकडी गॅलऱ्या, राहायला गाव छान आहे. काठ्या दोन घ्या, एक नको. मोलिनासेकाला पुलाखाली नदीत पाय सोडून बसायला मिळतं, आईंना ते आधीच सांगून ठेवा. :)

आणि घरून एक दगड न्या. क्रुझ दे फेर्रोच्या खांबाखाली लोक तो ठेवतात. वसईच्या किनाऱ्यावरचा छोटासा चालेल, ओझं तुम्हालाच वाहायचंय!

---

प्रतिसाद:

ओ सेब्रेइरोचा चढ खडा आहे. सॅक गाडीने पुढे पाठवा, ती सोय सगळीकडे आहे. वर गोल दगडी भिंतींची, गवताने शाकारलेली घरं दिसतील, छप्पर पार खाली उतरलेलं. त्यांना पायोसा म्हणतात. तिथल्या चर्चच्या आवारात फादर एलियास व्हालिन्या यांचा अर्धपुतळा आहे. वाटभर दिसणारे पिवळे बाण 1984 मध्ये रंगवायला त्यांनीच सुरुवात केली. नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका, मुक्काम करा.

त्रियाकास्तेलानंतर सामोसचा फाटा 6-7 किमी लांब पडतो, पण मठ मोठा आणि वाट ओढ्याकाठची. दिवस उरले तरच.

गर्दी: पवित्र वर्षात सारियापुढे सप्टेंबरमध्येही ताण असणार. सरकारी आल्बेर्गेत (यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागेत) आधी येईल त्याला खाट. गुडघ्यामुळे खालचीच खाट हवी असेल तर खाजगी ठिकाणी आधी बुकिंग करा. प्रमाणपत्रासाठी यात्रेच्या पुस्तिकेवर रोज दोन शिक्के मारून घ्यायला विसरू नका.

---

धागाकर्ती:

खूप आभार! आईला वाचून दाखवलं. बस घ्यायला ती तयार नाही, "चालायचं म्हणजे चालायचं". मग मी तिला व्हिलाफ्रांकाचं क्षमाद्वार सांगितलं: आजारपणामुळे पुढे जाता न येणाऱ्या यात्रेकरूंना पूर्वी त्या दारातच सांतियागोइतकी क्षमा मिळायची. यावर म्हणाली, तिथवर बसने गेलं तर चालेल बहुतेक, फादरना विचारते.

आता एवढंच सांगा: एल आसेबोला सप्टेंबरमध्ये रात्री थंडी किती असते? स्लीपिंग बॅग जाड घ्यावी की पातळ?