फुकट घेता ना, मग पाटीपण बघा – असं म्हणणाऱ्यांना

गोदाकाठ

परवा आपल्या नाशिकच्या लिनक्सवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पोराने साधा प्रश्न विचारला : उबुंटूत (लिनक्सवरची फुकट सिस्टिम) अपडेट मारताना टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कॅनॉनिकल कंपनीच्या उबुंटू प्रो या जादा अपडेटांच्या सेवेची जाहिरात का येते? त्यावर पेठरोडकरांचा मेसेज – "फुकट घेता आणि वर कुरकुर करता. कंपनीने आपल्या सिस्टिमवर आपली सेवा विकली तर तुमच्या पोटात का दुखतं? नको तर वापरू नका." खाली अंगठ्यांची रांग. पोरगं गप्प. ग्रुपवर लांब लिहिलं की लोक म्यूट करतात, म्हणून इथे फोरमवर लिहितोय.

पेठरोडकर, मुळात ती सिस्टिम कंपनीची कधी झाली? कर्नल, म्हणजे गाभा, जगभरच्या लोकांचं, साधनं ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची, पॅकेजं बहुतांश डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमच्या माणसांनी बांधलेली. कॅनॉनिकलची म्हणाल तर जुळवाजुळव, नाव, लोगो आणि सर्व्हर. जुळवाजुळव हे मोठंच काम आहे, ते कोण नाकारतंय? पण आमदार निधीतून बसथांबा बांधायचा आणि त्यावर भाऊंचा फोटो थांब्यापेक्षा मोठा लावायचा, तसला हा प्रकार.

२०१२ चं विसरलात वाटतं. उबुंटू १२.१० मध्ये डॅशमध्ये, म्हणजे शोधायच्या खिडकीत, स्वतःच्या डिस्कवरची फाइल शोधायला 'पगारपत्रक' टाइप केलं की ती अक्षरं आधी कॅनॉनिकलच्या सर्व्हरवर, तिथून अ‍ॅमेझॉनकडे, आणि उत्तरात फाइलीच्या खाली विकायच्या वस्तू. वस्तूंची चित्रं तर सुरुवातीला थेट अ‍ॅमेझॉनकडून, तीही एन्क्रिप्शनशिवाय. लोक ओरडले तेव्हा कॅनॉनिकलचे संस्थापक शटलवर्थसाहेबांचं उत्तर काय, तर आमच्याकडे तुमच्या मशीनचं रूट, म्हणजे सगळे अधिकार, आहेतच, म्हणजे भरवसा तुम्ही आधीच टाकलाय! ग्नूच्या स्टॉलमननी सरळ स्पायवेअर म्हटलं. ते आपोआप चालू असणं बंद व्हायला १६.०४ उजाडावं लागलं, म्हणजे साडेतीन वर्षं.

सेवा असू नये असं मी म्हणतच नाही. विचारून चालू करा, आणि मागचा सर्व्हर कुठला हे मला बदलता येऊ द्या. उबुंटू वन या फाइली ठेवायच्या कॅनॉनिकलच्या सेवेत आपल्या मशीनवरच्या क्लायंटचा कोड मुक्त होता, सर्व्हरचा बंद. २०१४ मध्ये कंपनीने ठरवलं, परवडत नाही. एप्रिलमध्ये घोषणा, जूनमध्ये सेवा बंद, जुलैअखेर आपापल्या फाइली उचला. सर्व्हरचा कोड बाहेर आला २०१५ मध्ये. गाव उठून गेल्यावर.

पेठरोडकर

आलं का भाषण. बरं.

शिपइट आठवतं का गोदाकाठ? २००५ ते २०११, उबुंटूची सीडी घरपोच, पोस्टाचा खर्चसुद्धा शटलवर्थच्या खिशातून. आमच्या कॉलेजात अर्ध्या पोरांनी लिनक्सचं तोंड पाहिलं ते त्या सीडीमुळे. तेव्हा कुणी म्हणालं नाही की पाकिटावर कंपनीचा लोगो का. तुझ्या त्या बसथांब्यावर फोटो असेल, पण थांबा झाला ना? बाकीचे अजून समितीच्या बैठका घेतायत.

आणि हे सगळं लिहिलंस कुठून? फायरफॉक्समधून ना? ते बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न कशाचं, तर गूगलला डीफॉल्ट सर्च ठेवण्याचं. तिथे दुकान चालतं, इथे विटाळ होतो.

माझा धंदा सपोर्टचा आहे. अंबडला एका वर्कशॉपात उबुंटू १८.०४ वर चालणारं मशीन आहे. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर पुढच्या आवृत्तीवर चालत नाही, मालक नवीन मशीन घेणार नाही. प्रोमुळे त्याला एकूण दहा वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात, आणि पाच मशीनपर्यंत घरगुती वापराला तर फुकटच आहे. ही गोष्ट त्या पोराला कळणार कशी? टर्मिनलमध्ये ओळ दिसली म्हणूनच ना? तू ज्याला जाहिरात म्हणतोस त्याला मी सूचना म्हणतो.

डेबियन एके डेबियन

डेबियन टाका. धागा बंद करा.

पेठरोडकर

हे आले. मालक, २००६ ते २०१६ तुम्ही फायरफॉक्सला आइसवीझल म्हणत होतात. नाव-लोगोवरून मोझिलाशी वाजलं म्हणून दहा वर्षं कोल्ह्याचं मुंगूस. माझ्या गिऱ्हाइकांना डेस्कटॉपवर ब्राउझर सापडेना, फोन मला यायचे.

डेबियन एके डेबियन

वाजलं नाही, तत्त्व होतं. कोड बदलायची मोकळीक द्यायची आणि पॅच, म्हणजे केलेले बदल, आम्हाला दाखवल्याशिवाय नाव लावू नका म्हणायचं, लोगो वेगळ्या लायसन्सखाली ठेवायचा. अशा वेळी नावच सोडून दिलेलं बरं. गिऱ्हाइकांना एक आयकॉन सापडत नाही हा तुमच्या ट्रेनिंगचा दोष.

छापखाना शालिमार

मी मधेच बोलतो, माफ करा. तुम्ही लोगो न् सर्व्हरवर भांडताय, इथे आमचं मराठीच धड होत नाही. माझ्याकडे लग्नपत्रिकांचं काम. जुने फॉन्ट सगळे डोंगलवर, म्हणजे लायसन्सची किल्ली कॉम्प्युटरला लावली तरच चालणारे. डोंगल गेलं, कंपनी म्हणते नवीन पॅकेज घ्या. पंधरा-वीस वर्षांच्या फाइली उघडल्या की नुसती इंग्रजी चिन्हं. मुलगा म्हणाला लिनक्स टाकू, सगळं फुकट आहे. टाकलं. पहिल्याच पत्रिकेत हिंदी 'ल' आला. वराचं नाव मिलिंद. मुलीचे वडील आडगावचे, पत्रिका टेबलावर आपटून म्हणाले, "हा 'ल' आमचा नाही." त्यांना काय सांगू, सॉफ्टवेअर मुक्त आहे म्हणून?

गोदाकाठ

दादा, विषय वेगळा आहे.

छापखाना शालिमार

तुमच्यासाठी वेगळा असेल भो. माझ्यासाठी हाच विषय आहे. माझी सगळी कमाई एका कंपनीच्या फॉन्टात अडकली आणि तुम्ही मला टर्मिनलमधली ओळ दाखवताय.

सिडकोची ताई

छापखानावाले दादा, तो 'ल' फॉन्टातच असतो, मागवावा लागतो. चांगल्या देवनागरी फॉन्टात मराठीचे 'ल' आणि 'श' वेगळे ठेवलेले असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली तरच ते येतात. तुमच्याकडे भाषा हिंदी राहिली असणार. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर सिलेक्ट करून फॉरमॅट > कॅरेक्टर मध्ये जा, कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा. नाही बदलला तर मात्र फॉन्टातच तो नाही, फॉन्ट बदला. पत्रिकेची मांडणी स्क्राइबस या प्रोग्रॅममध्ये करत असाल तर १.६ घ्या, जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं फुटतात.

आता मूळ वादाबद्दल. पेठरोडकर, सेवा आणि ब्रँडिंग एकत्र आलं की काय होतं ते आमच्याकडे बघा. मुलाच्या शाळेत (नाव लिहीत नाही) एका स्थानिक पुरवठादाराने लॅब लावून दिली. आत उबुंटूच, पण बूट होताना त्याच्या फर्मचा लोगो, वॉलपेपरवर त्याचा फोन नंबर, ब्राउझर उघडला की त्याचं पोर्टल. पोरांचे धडे, परीक्षा, सगळं त्या पोर्टलवर. एक दिवस काहीच उघडेना. सरांनी केबलवाल्याला बोलावलं, त्याने राउटर बदलला, त्याचे पैसे घेतले. मी गेले, अपडेट मारून बघितलं, तर प्रत्येक ओळीला 'कुड नॉट रिझॉल्व्ह', म्हणजे सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही. अपडेट कुठून आणायचे ते लिहिलेली सोर्सेसची फाइल उघडली. उबुंटूच्या सगळ्या ओळींपुढे हॅश टाकून त्या बंद केलेल्या, आणि खाली एकच ओळ, त्याच्या डोमेनची. साहेबांनी डोमेन रिन्यूच केलं नव्हतं. फोनही उचलत नव्हते.

हॅश काढले, ती ओळ खोडली, अपडेट धडाधड सुरू. पोर्टलवरचे धडे मात्र गेले ते गेलेच.

पेठरोडकर

ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. त्या माणसाने नियम धाब्यावर बसवून वाटेल ते केलं आणि शाळा फसली. नाव आणि लोगोचा हक्क कंपन्या कशाला राखतात? याचसाठी. बदललेली सिस्टिम उबुंटूच्या नावाने विकायची तर कॅनॉनिकलची परवानगी लागते. रेड हॅट या लिनक्स कंपनीचा कोड घेऊन फुकट सिस्टिम देणाऱ्या सेंटओएसवाल्यांना लोगो आणि नाव आधी काढावंच लागायचं. मागे कुणीतरी जबाबदार असतं म्हणून नावाला किंमत असते.

सिडकोची ताई

सेंटओएसचं नाव बरं काढलंत. २०२० च्या डिसेंबरात रेड हॅटने एका घोषणेत सेंटओएस ८ ची अपडेटची मुदत २०२९ वरून २०२१ अखेरीवर आणली. नाव तेव्हा रेड हॅटकडेच होतं. जबाबदारी दिसली तेव्हा.

आणि माझी बाजू तुमची नाही. माझं म्हणणं, ती ओळ मला खोडता आली. सॉफ्टवेअर आणणाऱ्या एपीटीची ही फाइल साधी आहे, कुठलाही मिरर, म्हणजे प्रती ठेवलेला सर्व्हर, लिहा. तीच लॅब स्नॅपवर, म्हणजे कॅनॉनिकलच्या स्वतःच्या पॅकेज पद्धतीवर, असती तर? स्नॅपचं दुकान एकच, मागच्या सर्व्हरचा कोड बंद, पत्ता बदलायला फाइलच नाही. उबुंटूवरच बांधलेल्या मिंटने २०२० मध्ये स्नॅप अडवला तो उगाच नाही. एपीटीने क्रोमियम ब्राउझर मागायचा आणि गुपचूप स्नॅप गळ्यात पडायचा, हा कुठला न्याय?

पेठरोडकर

मिंटचं कौतुक नको. बॅन्शी या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये गाण्यांच्या दुकानाचं कमिशन होतं, मिंटनेही कोड बदलून ते आपल्याकडे वळवलं होतं. सर्चचे पैसेही घेतात. सगळे घेतात, कॅनॉनिकल तेवढी बदनाम.

गोदाकाठ

बॅन्शीचं तुम्हीच काढलंत, छान. ते अ‍ॅमेझॉनचं कमिशन बॅन्शीवाल्यांनी स्वतः न घेता शंभर टक्के ग्नोम या मुक्त डेस्कटॉपच्या संस्थेला दिलं होतं. २०११ मध्ये कॅनॉनिकलने काय ठरवलं? ७५ टक्के आम्हाला, २५ ग्नोमला. म्हणजे दुकान दुसऱ्याने बांधलं, दान तिसऱ्याला दिलं, आणि हे गल्ल्यावर जाऊन बसले. लायसन्सप्रमाणे बरोबर असेलही. माणुसकीने?

पेठरोडकर

माणुसकीने पगार होत नाहीत. तुला सातपूरच्या कंपनीतून पगार येतो म्हणून ही तत्त्वं परवडतात. माझ्याकडे तीन पोरं कामाला आहेत, महिनाअखेरीला ती लायसन्सची कलमं घेत नाहीत.

गोदाकाठ

माझ्या पगारावर येऊ नका. मी तुमच्या बिलांवर येऊ का? फुकटच्या सिस्टिमचे 'इन्स्टॉलेशन आणि लायसन्स चार्जेस' म्हणून कोण लावतं ते अख्ख्या अंबडला माहीत आहे.

पेठरोडकर

सर्व्हिस चार्ज लावतो. जीएसटीसकट. ये, पावती दाखवतो.

सिडकोची ताई

दोघेही थांबा. इथे पोरं वाचतात.

छापखाना शालिमार

ताई, 'ल' आला! मराठीच आला. आता जुन्या फाइलींचं सांगा. आणि हे फॉन्ट धंद्यात वापरले तर नोटीस नाही ना येणार?

सिडकोची ताई

'मुक्त', 'लोहित', 'बालू' वगैरे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. छापा, विका, पत्रिकेचे पैसे घ्या, कुणी विचारणार नाही. नुसता फॉन्ट तेवढा सुटा विकायचा नाही. जुन्या फाइलींसाठी मात्र त्या-त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल आणि नंतर प्रूफ वाचावंच लागेल, रफार आणि वेलांट्या हमखास सरकतात.

पेठरोडकर

ताई, त्याच लायसन्समध्ये राखीव नावाचं कलम आहे ते सांगा की गोदाकाठला. फॉन्ट बदला, वाटा, पण करणाऱ्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते लावायचं नाही. म्हणजे तुमच्या मुक्त जगातसुद्धा पाटी राखीव! तिथे कुणी भाषण दिलं नाही.

गोदाकाठ

कारण तिथे नावच राखीव आहे, दुसरं काही नाही. फॉन्ट रोज रात्री घरी फोन करून मी काय छापलं ते सांगत नाही. नाव राखा ना, हजारदा राखा, माझं भांडण नावाशी नव्हतंच. नावाच्या आडून जे आत येतं त्याच्याशी आहे.

पेठरोडकर

मग बसथांब्यावरच्या फोटोचा एवढा कांगावा कशाला केला होतास? असो. २०१२ चं डॅश वाईट होतं, हे मी तेव्हाही म्हणालो होतो. डॅशमधल्या त्या वस्तू दाखवणारं युनिटी-लेन्स-शॉपिंग पॅकेज काढायची कमांड गिऱ्हाइकांच्या मशीनवर मीच मारत फिरलो. त्याचे पैसे घेतले, तेही सांगतो, नाहीतर तू काढशीलच.

पण प्रोची ओळ म्हणजे डॅश नव्हे. तुझा एकही शब्द कुठे जात नाही, नुसती छापली जाते. आणि ती बंद करता येते : 'प्रो कॉन्फिग सेट एपीटी_न्यूज=फॉल्स'. रोमन लिपीत मारायची, नाहीतर उद्या तक्रार येईल. घे, फुकट सांगितलं.

गोदाकाठ

उपकार झाले. त्याने बातमीची ओळ जाते, अमुक इतके अपडेट प्रोमध्ये मिळतील ही ओळ तशीच राहते. ती घालवायला एपीटीच्या कॉन्फिगमधली ईएसएम (वाढीव मुदतीचे सिक्युरिटी अपडेट) हुकची फाइल रिकामी करावी लागते. बंद करायला दोन ठिकाणी हात घालावा लागतो, चालू करायला शून्य ठिकाणी. त्या पोराने नेमकं हेच विचारलं होतं आणि तुम्ही त्याला फुकट्या म्हणालात.

पेठरोडकर

फुकट्या असं लिहिलं नव्हतं. "फुकट घेता" लिहिलं होतं. त्याला ग्रुपवर उत्तर देतो, फाइलीच्या नावासकट. अंबडच्या मशीनवरची ओळ मात्र मी काढणार नाही, मालकाला ती दिसलेलीच बरी.

डेबियन एके डेबियन

डेबियनमध्ये ती फाइलच नाही.

छापखाना शालिमार

डेबियनवाले भाऊ, तुमच्याकडे 'श' कसा येतो?