सिमसिटी : जिंकण्याची सोय नसलेला खेळ

सिमसिटी हा शहर वसवण्याचा संगणकीय खेळ आजही आवडतो तो केवळ बालपणीच्या आठवणींमुळे, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. खेळाचे रचनाकार विल राइट यांना या खेळाची कल्पना सुचली ती 1984 च्या एका बॉम्बफेकीच्या खेळासाठी नकाशे तयार करताना; बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा ती वसवण्यातच त्यांना अधिक रस वाटू लागला. पुढे अमेरिकी अभ्यासक जे फॉरेस्टर यांच्या नागरी गतिकीवरील, म्हणजे शहरे कशी वाढतात आणि खालावतात यावरील, विचारांची जोड मिळून 1989 मध्ये सिमसिटी बाजारात आला. त्यात अंतिम विजय नाही, आणि माझ्या मते त्याचे सारे आयुष्य या एका गोष्टीत आहे. आपण घरे बांधत नाही, केवळ निवासी, व्यापारी आणि औद्योगिक जमीन आखतो. कर वाढवला की मागणी मंदावते, कारखाने वस्तीला खेटले की प्रदूषणाने जमिनीचा भाव उतरतो, आणि हे सारे आपण विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांतूनच घडते.

आम्हा कोल्हापूरकरांना हे विशेष जाणवते. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि तिथे गुळाचा व्यापार बहरला, हे आखणीचे सामर्थ्य. पण 2019 च्या पंचगंगेच्या महापुरानंतर नदीकाठच्या बांधकामांविषयी जे प्रश्न विचारले गेले, तेही आखणीचेच होते.

‘सिमसिटी 2000’ या पुढच्या खेळात जमिनीखालचे जलवाहिन्यांचे जाळेही आले, म्हणून नव्या खेळाडूने तिथूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मूळ खेळाची संहिता (सोर्स कोड) 2008 मध्ये मायक्रोपोलिस या नावाने खुली झाली आहे. प्रोग्रामिंग येणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.